पाय कुणाचा, पिशवी कुणाची



आजारी शरीराचं चित्र काढावं का, त्यावर कविता लिहावी का, आणि काढली-लिहिली तर ती चव्हाट्यावर मांडावी का, हा प्रश्न पांढरपेशा साहित्यिकाला सहसा पडत नाही. त्याच्या कथेतला आजार म्हणजे नायिकेचा क्षय. रुमालावर एक लाल ठिपका, खिडकीत जाई, आणि मरतानासुद्धा बाईचे केस विंचरलेले. पू नाही, वास नाही, दवाखान्याच्या रांगेत बुडालेली मजुरी नाही. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, वर विजय तेंडुलकरांची प्रस्तावना, आणि मराठी कवितेच्या सारवलेल्या ओट्यावर सडलेलं, चिघळलेलं शरीर दाणकन येऊन पडलं. तेव्हापासून आपल्यातल्या लिहिणाऱ्या पोरांनी एक गोष्ट गाठीला बांधली आहे. जे झाकलं जातं ते उघडं करायचं. मीही बांधली आहे.

पण उघडं करायचं ते कुणाचं? ढसाळ त्या वस्तीत वाढले, ज्यांच्यावर लिहिलं त्यांच्यातच उठले-बसले. माझं तसं नाही. मी साखर कारखान्यात बगॅसकडं पाळीत उभा असतो. उद्या बुरसटलेल्या बगॅसची धूळ माझ्या फुप्फुसात बसली, तर त्या एक्स-रेवर मी कविता लिहीन, तो फोटो भिंतीवर चिकटवीन, कुणाच्या बापाची परवानगी घेणार नाही. छाती माझी आहे. तरी त्यातही एक मेख आहे. आजार कधी एकट्याचा नसतो. घरात क्षय आहे एवढं बाहेर फुटलं तरी बहिणीचं ठरलेलं लग्न मोडतं. मग दुसऱ्याच्या शरीराची गोष्ट तर सोडाच.

या अंकाच्या मुखपृष्ठासाठी एक चित्र आलंय. पोटातून काढलेल्या गर्भाशयाचं. त्यावरून आमच्यात दोन तट पडलेत. त्याच्याकडं मी येतोच, पण आधी एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय माझं म्हणणं कळायचं नाही.

डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरांच्या टेबलावर 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' नावाचं विटेएवढं पुस्तक असतं. १८५८ साली ते लंडनला निघालं. मजकूर हेन्री ग्रेचा, चित्रं हेन्री व्हॅन्डाइक कार्टरची. पहिल्या आवृत्तीत ३६३ चित्रं. पुस्तकाचा जीव त्या चित्रांत आहे. ग्रेला खपावर पैसे ठरले, कार्टरला एकदाच दीडशे पौंड देऊन मोकळं केलं. पहिल्या पानाचं प्रूफ आलं, त्यात कार्टरचं नाव आपल्या नावाएवढ्याच टायपात बघून ग्रेनं ते बारीक करायला लावलं. हे वाचलं तेव्हा कार्टर मला आपलाच वाटला. हातानं राबणारा, आणि नाव छाटलं गेलेला. जून २०२५ मध्ये प्राडा नावाच्या इटालियन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल कोल्हापूरचं नाव न घेता मिरवली, तेव्हा आमच्या जिल्ह्यात जो संताप उसळला तो ह्याच जातीचा होता.

पण ग्रे आणि कार्टर या दोघांनी मिळून ज्यांची शरीरं फाडली त्यांचं काय? इंग्लंडात १८३२ साली कायदा झाला होता. गरीबखान्यात किंवा दवाखान्यात मेलेला, आणि कुणी न्यायला न आलेला माणूस डॉक्टरी शाळेच्या टेबलावर जायचा. आपल्याकडं १९४९ साली मुंबई सरकारनं केलेला अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्टही बेवारस प्रेतांसाठीच आहे. बेवारस कोण मरतं हे ह्या अंकाच्या वाचकाला सांगायला नको. सावकार बेवारस मरत नाही. त्या ३६३ चित्रांत ज्यांची हाडं आहेत, शिरा आहेत, त्यांतल्या एकाचंही नाव पुस्तकात नाही. कार्टरचं नाव बारीक टायपात का होईना, आहे.

हा कार्टर त्याच १८५८ साली मुंबईला आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागला, जे. जे. हॉस्पिटलात रोगी बघू लागला. पुढं १८६३ ते १८७२ तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता, म्हणजे आपल्या शेजारीच. इथं त्याच्यापुढं एक रोग आला. पाय सुजतो. वर्षानुवर्षं वाढत जातो. गाठी येतात, गाठींना भोकं पडतात, भोकांतून पू येतो आणि पुवाबरोबर खसखशीसारखे कण बाहेर पडतात. कुणाचे काळे, कुणाचे पिवळट. दुखत फारसं नाही, म्हणून माणूस चालत राहतो, राबत राहतो. हाडापर्यंत गेलं की त्या काळी एकच इलाज होता, पाय कापायचा. मदुरेकडं आधी नोंदला गेला म्हणून त्याला मदुरा फूट म्हणत. कार्टरनं 'मायसेटोमा' हे नाव रूढ केलं आणि १८७४ साली त्यावर चित्रांसह पुस्तक लंडनला छापलं.

आता नावांचा हिशेब बघा. रोगाला गावाचं नाव मिळालं. बर्कली नावाच्या शास्त्रज्ञानं एका बुरशीला कार्टरचं नाव दिलं. ज्याच्या पायात हे सगळं चाललं होतं तो मात्र चित्रात नाही. चित्रात पाय आहे, पायाच्या वर माणूस नाही.

कार्टरला मी खलनायक करणार नाही. त्यानं रोग ओळखायला शिकवलं. चित्र नसतं तर शंभर कोसांवरच्या डॉक्टरला हा रोग कळला नसता, त्यानं वेगळंच काहीतरी समजून वेगळंच औषध लावलं असतं. अशा चित्रानं पाय वाचू शकतात. म्हणजे चित्र काढणं आणि दाखवणं हेच पाप आहे, असं म्हणणाऱ्यांच्यात मी नाही. शरीराची किळस हे मनूच्या पोरांचं लक्षण आहे. मेलेल्याला शिवायचं नाही, पू बघायचा नाही, आणि ते काम करायला मात्र आमची माणसं ठेवायची. आजही शवागारात प्रेत उचलणारा, शिवणारा हात कुणाच्या वस्तीतून येतो ते जाऊन बघा. तेव्हा 'असलं घाणेरडं छापू नका' हा सल्ला आपल्याला नको.

माझं भांडण वेगळं आहे. हा रोग होतो कुणाला? अनवाणी चालणाऱ्याला. काटा रुततो, काट्याबरोबर मातीतला जंतू आत जातो. म्हणजे मुळात प्रश्न वहाणेचा आला. आणि वहाण आपल्या मुलखात पैशाअभावीच नव्हती असं नाही. कातडं कमावणारे आमचे, वहाण शिवणारे आमचे, आणि चावडीपुढनं जाताना ती वहाण काढून हातात धरायची तीही आमच्याच आज्ज्या-पणज्यांनी. मग हा रोग नुसता बुरशीचा म्हणायचा का? कार्टरच्या चित्रात पायाच्या आतलं सगळं दिसतं, हाड कुठवर पोखरलं तेही दिसतं, पण पाय उघडा का होता ते दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं ह्या रोगाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातलं ते २०१६ साली. कार्टरच्या पुस्तकानंतर १४२ वर्षांनी. चित्र दीडशे वर्षं जपून ठेवलं गेलं, पाय तसाच राहिला.

डॉक्टरांचे नियम आता बरेच पुढं आलेत असं सांगतात. भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ सालचे नियम आहेत. ओळख पटेल अशा रीतीनं रोग्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या परवानगीशिवाय कुठल्याही नियतकालिकात छापू नये. ठीक आहे. पण पुढं असंही आहे, की ओळख पटणार नसेल तर परवानगीची गरज नाही. म्हणजे तोंड झाकलं की विचारायचं काम संपलं. हा नियम वाचून मी दोन पाळ्या विचार करत होतो. आपल्या बाबतीत नाव पुसणं हीच पहिली जखम. गावानं आम्हाला नावानं हाक मारली नाही, जातीनं मारली. आणि इथं नाव पुसणं हेच संरक्षण म्हणून देतायत. बरं, उलटं करून नाव छापावं, तर तिचं गावात जगणं अवघड होतं. दोन्हीकडनं मार. यातनं एवढंच निघतं, की नाव झाकायचं की सांगायचं हे ज्याचं शरीर त्यानं ठरवावं. डॉक्टरनं नाही, कवीनंही नाही.

काळ्यांचा इतिहास आपल्याला नवीन नाही, पँथर हे नावच आपण तिकडनं आणलं. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात हेन्रिएटा लॅक्स नावाची बाई गेली. तंबाखूच्या शेतात राबलेली, पाच लेकरांची आई, वय ३०. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. तपासणीसाठी काढलेला तुकडा तिला न विचारता प्रयोगशाळेत गेला, आणि त्यातल्या पेशी वाढतच राहिल्या, आजही वाढतायत. ती त्याच वर्षी मेली. तिच्या पेशींवर औषधं निघाली, कंपन्या मोठ्या झाल्या, आणि घरच्यांना कळायला वीस वर्षं गेली. मधली कित्येक वर्षं तिचं नावसुद्धा चुकीचं छापलं जात होतं. एका कंपनीनं वारसांशी तडजोड केली ती २०२३ साली. त्या पेशींचे सूक्ष्मदर्शकातून काढलेले रंगवलेले फोटो आहेत. जांभळे, हिरवे, दिवाळीच्या रांगोळीसारखे. लोक ते कला म्हणून बघतात. बघणाऱ्याला सुंदर वाटतं ते एका बाईचं मरण आहे, हे त्याला कुणी सांगितलं तर ठीक, नाही सांगितलं तरी रंग तेच.

आणि त्याच देशात चार वर्षांनी, १९५५ साली, मिसिसिपीत एमेट टिल नावाच्या चौदा वर्षांच्या पोराला गोऱ्यांनी हालहाल करून मारलं. प्रेत ओळखू येत नव्हतं. त्याच्या आईनं, मेमी टिलनं, शिकागोत शवपेटी उघडी ठेवली. लोकांना बघू दे म्हणाली. 'जेट' नावाच्या काळ्यांच्या साप्ताहिकानं तो चेहरा छापला आणि एक पिढी पेटली. लॅक्सच्या पेशी आणि टिलचा चेहरा, दोन्ही दाखवलं गेलं. फरक कुठं आहे? दुसऱ्या वेळी दाखवा म्हणणारी त्याची आई होती.

आता आपल्या अंगणात येऊ. खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यात एका घरातली चार माणसं मारली. वर्तमानपत्रांनी पहिल्यांदा दखलही नीट घेतली नाही, पहिलं शवविच्छेदन उरकून टाकलं, प्रेतं पुन्हा बाहेर काढून दुसरं करावं लागलं. त्या प्रेतांचे फोटो आपल्याच कार्यकर्त्यांनी फिरवले. पत्रकांवर आले, पोस्टरवर आले, इंटरनेटवर गेले. ते फोटो फिरले नसते तर महाराष्ट्र उठला नसता, हे मी मान्य करतो. पोलीस म्हणतात काही झालं नाही, डॉक्टर म्हणतो काही झालं नाही, तेव्हा शरीर हाच एक साक्षीदार उरतो. त्याला बोलू द्यावंच लागतं. त्या वेळी ते बरोबर होतं.

पण पुढं काय झालं? आजही कुठल्या तरी सभेच्या बॅनरवर, कुणाच्या तरी मोबाईलवर, ती आई आणि ती लेक तशाच उघड्या पडलेल्या दिसतात. खाली पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो. ज्या मुलीनं शिकून पुढं जायचं ठरवलं होतं तिचं एकच रूप आपण शिल्लक ठेवलं, तेही मारेकऱ्यांनी करून ठेवलेलं. बाबासाहेबांचा फोटो आपण निवडून लावतो. सूट, पुस्तक, उगारलेलं बोट. आयुष्याच्या शेवटी मधुमेहानं आणि पायांच्या दुखण्यानं ते किती खंगले होते हे आपल्याला ठाऊक आहे, तरी घरात तो फोटो लावत नाही. मोठ्या माणसाला आपण जो मान देतो तो खैरलांजीच्या मायलेकींना द्यायला काय हरकत होती? साक्ष झाली की साक्षीदाराला घरी जाऊ द्यावं. आपण तिला वीस वर्षं पिंजऱ्यात उभं ठेवलंय.

हे सगळं मनात ठेवून आता मुखपृष्ठाकडं येतो.

आमच्याकडं कारखान्याचा बॉयलर पेटला की बीडकडच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडनं उचल घेतलेली असते, ती फेडेपर्यंत अंग दुखलं तरी बसता येत नाही. खाडा पडला की दंड. पाळीचे चार दिवस म्हणजे चार खाडे. २०१९ साली ह्या बायांच्या पिशव्या काढण्याचा बोभाटा झाला. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. सहा बायकांमागं एक. आकडा पेपरात आला, विधानमंडळात बोलला गेला. त्यानंतरही टोळ्या येतातच, कोयता दोघांचाच असतो.

ह्या टोळीतली एक मावशी. तिचं वय सांगत नाही. खोपीवर बाबासाहेबांचा फोटो बघून मी आणि आमचा चित्रकार मित्र थांबलो, जयभीम झाला. बोलता बोलता तिनं ट्रंकेतनं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला. "लेकरा, इंग्रजी येतं का? काय लिवलंय यात, वाच बरं." तो पॅथॉलॉजीचा रिपोर्ट होता. बहुतेक बायांकडं असा कागदच नसतो, काढलेली पिशवी तपासायला जातच नाही. हिच्याकडं होता आणि इतकी वर्षं तो कुणी वाचून दाखवला नव्हता. वर तिचं नाव. खाली पिशवीची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, रंग, कापल्यावर आत काय दिसलं ते. शेवटी निदान, क्रॉनिक सर्व्हिसायटिस. म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाला जुनाट सूज. हे मी नंतर एका डॉक्टरकीच्या मुलीकडनं पक्कं करून घेतलं. ती म्हणाली, ही सूज असंख्य बायकांत सापडते, एवढ्यावरनं कुणी पिशवी काढत नाही. मावशीला त्या वेळी सांगितलं होतं कॅन्सर होईल म्हणून. मी म्हणालो, मावशी, यात कॅन्सर कुठं लिहिलेला नाही. ती थोडा वेळ चुलीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मंग काढली कशाला?"

मी कवी आहे, मला कळलं की ही ओळ आहे. ते कळणं मला त्या क्षणीही आवडलं नाही. एक बाई आपल्या पोटाविषयी विचारते आणि माझ्या डोक्यात वही उघडते. आमच्या कारखान्यात ऊस मिलमध्ये जातो, रस एकीकडं आणि बगॅस एकीकडं. रसाचं पुढं काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं. वेदनेवर लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांचं तसं होऊ नये. रस आपला, पुरस्कार आपला, आणि बाई तिकडं ढिगावर.

म्हणून पुढच्या वेळी गेलो तेव्हा मी तिला विचारलं, मावशी, हे लिहू का? ती जे म्हणाली ते तिच्याच परवानगीनं देतोय. "लिव की. माझं नाव नगं, गावाचं नगं, पोरीचं लगीन व्हायचंय. दवाखान्याचं लिव."

ही गोष्ट मला कुठल्या पुस्तकात मिळाली नव्हती. कार्टर, लॅक्स, ते २००२ चे नियम, सगळीकडं वाद एकच, की रोग्याचं नाव द्यायचं का झाकायचं. ह्या बाईनं दुसऱ्याच नावाकडं बोट दाखवलं. आपण अवयव काढतो, गाठ काढतो, जखम काढतो, आणि सुरी धरणारा हात दर वेळी चौकटीबाहेर राहतो. मुकादमाची वही चौकटीबाहेर. खाड्याचा दंड चौकटीबाहेर. मग राहतं काय? बाईचं पोट. बघणारा हळहळतो आणि पान उलटतो. त्या दवाखान्याचं नाव मी इथं छापत नाही. त्याला पुरावा म्हणजे तिचा कागद लागेल, आणि त्या कागदावर पहिलं नाव तिचंच आहे. तक्रार करायची का, कधी, कुणाला बरोबर घेऊन, हे तिनं ठरवायचं. ठरवलं तर वकील गाठायचं आणि कचेरीत खेटे घालायचं काम आपलं.

चित्रकार मित्रानं चित्र काढलं ते ह्या दोन भेटींच्या नंतर. टोळी तोवर गावाकडं परतली होती. चित्र चांगलं आहे. स्टेन्सिलवर काळा भाग भरला की कागद फाटतो, हे ध्यानात ठेवून त्यानं नुसत्या रेघांत काढलंय. बरणीत तरंगणारं गर्भाशय, दोन्ही बाजूंनी नळ्या, लांबून बघितलं तर वेलीवरचं फूल वाटावं. खाली रिपोर्टमधल्या ओळी, मापांसकट. त्याचं म्हणणं असं: "आरं, आपलीच बाई हाय, आपलंच दुखणं हाय. आपण न्हाई दाखवायचं तर कोण दाखवणार, सदाशिव पेठ? नाव कुठं लिहिलंय मी?" मंडळातली एक ताई उसळून म्हणाली, "बाईचं गर्भाशय मुखपृष्ठावर टाकायला तुमाला बरं सुचतं. तुमच्यातल्या एकाच्या हर्नियाचं चित्र का न्हाई काढलं?" सगळे हसले. पण तिचा मुद्दा हसण्यावारी न्यायचा नाही.

माझं मत मांडतो. 'आपलीच बाई' हा शब्द मला टोचतो. गावसुद्धा असंच म्हणायचं, आमचाच महार. आपली म्हटल्यानं परवानगी मिळत नाही. उलट आपली आहे म्हणून जास्त विचारायला हवं, कारण परक्यानं काढलं तर ती चिडू तरी शकते. आपल्यावर चिडणं तिला जड जाईल. दुसरं, त्या ओळी. पिशवी त्यानं पाहिलेली नाही, मोबाईलवरचं कुठलं तरी चित्र बघून काढलीय, ती कुणाचीही असेल. पण मापं तिची आहेत. तिनं कागद दिला तो वाचायला दिला, उतरवून घ्यायला दिला नाही. लिहायला तिनं होकार दिला तो शब्दांना, चित्र तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं. एका गोष्टीचा होकार दुसरीला चालत नाही. घरात पाणी प्यायला बोलावलेल्यानं माजघरात शिरू नये.

मित्र म्हणतो, फोटो काढून पाठवून विचारूया, आज प्रत्येकाकडं मोबाईल हाय. मोबाईल तिच्या नवऱ्याच्या खिशात असतो, आणि पोरगा त्यावर व्हिडिओ बघतो. पोराच्या हातातल्या मोबाईलवर आईच्या पिशवीचं चित्र उमटणं म्हणजे तिला विचारणं नव्हे. आपल्या दोनशे प्रती निदान कुणाकुणाकडं गेल्या ते आपल्याला सांगता येतं. मोबाईलवर गेलेलं चित्र परत मागता येत नाही, आणि दाखवून झाल्यावरही नको म्हणायचा हक्क तिच्याकडं राहिला पाहिजे.

चित्र मरू द्यावं असं मी म्हणत नाही. ते व्हायला हवं, पण वेगळं. फूल वाटणार नाही असं. बरणीशेजारी मुकादमाची वही असावी, खाड्याचा आकडा असावा, आणि बरणी धरणारा हात मनगटापर्यंत तरी चौकटीत यावा. मापं काढून टाकावीत. मित्राला हे पटलेलं नाही. तो म्हणतो, वही आली की पोस्टर होतंय, चित्र राहत न्हाई. होऊ दे पोस्टर.

टोळ्या दिवाळीच्या आसपास पुन्हा येतील. मावशी आली तर ताईनं आधी एकटीनं खोपीवर जावं, दोन्ही चित्रं घेऊन, आणि आम्ही पोरांनी बांधावर थांबावं. ती ह्या वर्षी दुसऱ्या कारखान्याला गेली असेल तर शोधावं लागेल, मुकादमाला न विचारता. तोवर ह्या अंकाच्या मुखपृष्ठावर अंकाचं नाव आणि महिना एवढंच असावं असं मी सुचवतो. मित्राची स्टेन्सिल वाया जायची नाही, गुंडाळी करून कोरड्या जागी ठेवली की टिकते.